शिंगरांच्या चामखिळी आणि आपली घाई

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. घेणारा माणूस आधी भोवरे बघतो, मग दात, मग चाल. देवमण आहे का, पाय कुठवर पांढरे, कान कसे वळतात, यावर तासन्‌तास चर्चा चालते. अशा बाजारात दीड वर्षाच्या शिंगराच्या नाकपुड्यांभोवती आणि ओठांवर करड्या, खडबडीत चामखिळींचा पुंजका दिसला की सौदा तिथेच अडखळतो. घेणारा मागे सरतो, नाहीतर भाव पाडून मागतो. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून बाजाराच्या आधी महिना-दोन महिने तो त्या चामखिळींच्या मागे लागतो. कुणी चुना लावतो, कुणी बिब्बा घालतो, कुणी वस्तरा चालवतो. पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर साधनं वेगळी असतात, पण विक्रीची तारीख जवळ आली की घाई तिथेही असते.

ही घाई समजण्याजोगी आहे. तरीही या विषयावर जे काही माहीत झालं आहे ते सगळं समोर ठेवलं तर माझं मत ठाम होतं: शिंगराला चामखिळीचा जेवढा त्रास होतो त्याहून जास्त त्रास तिच्यावरच्या उपायांचा होतो. आणि ज्या थोड्या घोड्यांच्या बाबतीत खरोखर हातपाय हलवायला हवेत, तिथे नेमकं दुर्लक्ष होतं, कारण त्वचेवरच्या प्रत्येक उंचवट्याला चामखीळ म्हणून आपण मोकळे होतो.

चामखीळ म्हणजे त्वचेच्या वरच्या थराची बेसुमार वाढ, आणि ती घडवून आणतो पॅपिलोमा विषाणू. माणसाच्या हातावरची, गाईच्या सडावरची, कुत्र्याच्या तोंडातली चामखीळ याच कुळातल्या विषाणूंमुळे होते, पण ज्याचा त्याचा विषाणू वेगळा. १९०७ मध्ये इटलीत ज्युसेप्पे चुफो यांनी माणसाच्या चामखिळीचा अर्क जिवाणू अडकतील अशा बारीक गाळणीतून काढून स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि तिथे चामखीळ उगवली. म्हणजे रोगाचं कारण जिवाणूहून लहान होतं. १९३३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी रानसशांच्या चामखिळींमागचा विषाणू दाखवला. घोड्याची पाळी १९५१ मध्ये आली. कुक आणि ओल्सन या दोघा अमेरिकी संशोधकांनी घोड्याच्या चामखिळीचा अर्क दुसऱ्या घोड्याच्या खरवडलेल्या त्वचेला लावून रोग निर्माण करून दाखवला. त्या विषाणूची पूर्ण जनुकीय मांडणी मात्र २००४ मध्ये हाती आली. आज त्याला घोड्याचा पॅपिलोमा विषाणू, प्रकार १, म्हणतात. घोड्यांत सापडलेल्या अशा विषाणूंचे प्रकार आता दहाच्या आसपास गेले आहेत, पण शिंगराच्या तोंडावरच्या नेहमीच्या चामखिळींना जबाबदार असतो तो हा पहिलाच.

शिंगराचं तोंड सकाळच्या उजेडात हातात धरून नीट पाहावं. ओठांच्या कडेला, नाकपुडीच्या काठावर, जिथे केस विरळ आणि कातडी पातळ असते, तिथे आधी मोहरीएवढे गुळगुळीत, फिकट उंचवटे दिसतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांचं टोक फाटतं, बारीक बारीक शाखा फुटतात आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत पृष्ठभाग तयार होतो. रंग करडा, गुलाबी किंवा पांढुरका. बहुतेक चामखिळी काही मिलिमीटरच्या, क्वचित एखादी दोन सेंटिमीटरपर्यंत जाते. संख्या मात्र दचकवणारी असते: काही शिंगरांना पाच-सहा, तर काहींना शंभराच्या वर. पापण्या, कान आणि पायांचा खालचा भाग यांवरही त्या येतात. बोटाने हलकेच दाबलं तर शिंगरू सहसा तोंड मागे घेत नाही, कारण चामखीळ दुखत नाही. दुखते ती ओरबाडलेली, म्होरकीच्या पट्ट्याखाली घासून रक्ताळलेली चामखीळ.

वय हा इथला सर्वांत मोठा धागा आहे. सहा महिन्यांपासून साधारण तीन वर्षांपर्यंतच्या जनावरांत हा रोग दिसतो, आणि त्यातही वर्षाच्या आगेमागे सर्वाधिक. आईपासून तुटलेली शिंगरं याच वयात एकत्र बांधली जातात. ती एकमेकांच्या तोंडाला तोंड लावतात, गव्हाणीच्या कडा चावतात, काटेरी गवतात आणि कडब्याच्या टोकदार बुडख्यांत नाक खुपसतात. विषाणूला अख्ख्या कातडीतून शिरता येत नाही; त्याला ओरखडा लागतो, माशीचा चावा लागतो, उन्हाने सोललेली जागा लागते. नाकाच्या शेंड्याला हे सगळं रोज मिळतं. मोठ्या घोड्यालाही मिळतं, पण त्याच्या शरीराची या विषाणूशी ओळख बहुधा आधीच झालेली असते.

एका जनावराकडून दुसऱ्याकडे रोग जातो तो थेट स्पर्शातून, आणि तितकाच सामानातून. आपल्याकडच्या पागेत यातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे तोबरा. चंदी देताना एकच तोबरा चार तोंडांना लागतो. त्याची ओली, खरखरीत कड नेमकी ओठांवर आणि नाकपुड्यांवर घासते. त्यानंतर नंबर लागतो खराऱ्याचा, म्होरकीचा, लगामाच्या कडीचा आणि पाण्याच्या बादलीचा. या विषाणूला बाहेरून चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे तो कोरड्या लाकडावर आणि चामड्यावर बराच काळ तग धरतो, आणि हातावर चोळायच्या सॅनिटायझरला किंवा साध्या फिनेलच्या पाण्याला सहज बधत नाही. सामान आधी साबणाने घासून मळ काढायचा आणि मग ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवायचं, हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग. चामड्याला ब्लीच चालत नाही, म्हणून चामड्याचं सामान प्रत्येकाचं वेगळं ठेवलेलं बरं.

विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत साधारण दोन महिने जातात, कधी जास्तही. एका शिंगराच्या तोंडावर चामखिळी दिसल्या त्या दिवशी त्याच्या शेजारी बांधलेल्या शिंगरांना लागण होऊन गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून आजारी शिंगरू वेगळं बांधण्याचा उपयोग होतो तो मुख्यतः नव्याने येणाऱ्या जनावरांसाठी. मोतद्दारांना आणि घरातल्या मुलांना वाटणारी भीती मात्र निराधार आहे: घोड्याची ही चामखीळ माणसाला होत नाही, आणि माणसाची घोड्याला होत नाही.

आता मुख्य गोष्ट. या चामखिळी आपोआप जातात. काहींच्या महिन्याभरात, बहुतेकांच्या तीन-चार महिन्यांत, थोड्यांच्या आठ-नऊ महिन्यांत. वाट इतकी लांबते याचं कारण विषाणूच्या राहण्याच्या पद्धतीत आहे. तो त्वचेच्या सर्वांत खालच्या पेशींत गुपचूप बसतो, रक्तात उतरत नाही, पेशी फोडत नाही, सूज आणत नाही. नवे विषाणू तयार होतात ते फक्त वरच्या, मरायला टेकलेल्या थरात, आणि कोंड्याबरोबर झडून बाहेर पडतात. शरीराच्या पहारेकऱ्या पेशींना आत काही बिघडलंय याची खबरच उशिरा लागते. एकदा ती लागली की टी-लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी चामखिळीच्या मुळाशी जमतात, आणि मग बहुतेक सगळ्या चामखिळी साधारण एकाच सुमाराला वाळून गळतात. आठवड्यापूर्वी साठ होत्या, आज बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या, असं पाहणाऱ्याला चमत्कार वाटावा इतकं ते झपाट्याने होतं. मागे डाग राहत नाही, आणि त्या प्रकाराच्या विषाणूविरुद्धचं संरक्षण बहुधा जन्मभर पुरतं.

या झपाट्यामुळेच चामखिळीच्या औषधांचा इतिहास एवढा गोंधळाचा झाला आहे. मालक पहिले दोन महिने दुर्लक्ष करतो. चामखिळी भरास येतात तेव्हा त्याला काळजी वाटते आणि तो औषध सुरू करतो. तोवर शरीराची तयारी पूर्ण झालेली असते. पंधरा दिवसांत चामखिळी गळतात, आणि श्रेय जातं त्या आठवड्यात हाताला जे लागलं त्याला. एरंडेल, लसूण, टूथपेस्ट, थुजा, मंत्रलेलं तेल, सगळ्यांच्या नावावर असे यशस्वी दाखले जमा आहेत, आणि सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. माणसांच्या चामखिळींबाबत आपल्याकडे घोड्याच्या शेपटीचा केस बांधण्याचा उपाय घरोघरी माहीत आहे. बारीक देठाच्या एखाद्या चामखिळीचा रक्तपुरवठा आवळून ती गळू शकते, पण पसरट बुडाच्या पन्नास चामखिळींवर त्याचा काय उपयोग? औषध खरंच लागू पडतं का, हे ठरवायला एकाच कळपातली निम्मी शिंगरं तशीच सोडून द्यावी लागतात आणि दोन्ही गटांचे दिवस मोजावे लागतात. घोड्यांच्या या चामखिळींवर असं काम फार थोडं झालं आहे.

आपल्या पशुवैद्यकांच्या हातातलं एक औषध वेगळं नोंदवायला हवं. लिथियम अँटिमनी थायोमॅलेटची इंजेक्शनं गाई-म्हशींच्या चामखिळींवर भारतात वर्षानुवर्षं दिली जातात, आणि कधी घोड्यांनाही. जनावराचंच रक्त काढून त्याच्या स्नायूत परत टोचण्याची पद्धतही प्रचलित आहे. दोन्हींबद्दल चांगल्या निकालाच्या नोंदी आहेत, पण त्या बहुतेक एकेका जनावराच्या. शेजारी तुलनेला उपचार न दिलेलं जनावर नसतं. अँटिमनी हा जड धातू आहे, त्याचे दुष्परिणाम हृदयापर्यंत जाऊ शकतात. जो रोग आपण होऊन जाणार आहे त्यासाठी वर्षाच्या शिंगराला ते देण्याचं समर्थन मला तरी सापडत नाही. शिंगराच्याच चामखिळी कापून, त्यातला विषाणू निष्प्रभ करून केलेली लस हाही जुना मार्ग. तिने अपाय सहसा होत नाही. उपयोग होतो हे मात्र सिद्ध झालेलं नाही. गाईंसाठीची चामखिळीची लस घोड्याच्या कामाची नाही, कारण संरक्षण त्या त्या प्रकारापुरतंच मिळतं.

कापण्याबद्दल एक समज घट्ट रुजला आहे: दोन-चार चामखिळी चिरडल्या किंवा छाटल्या की शरीर 'जागं' होतं आणि बाकीच्या आपोआप जातात. कल्पना तर्काला धरून वाटते, पण तिला आधार मिळालेला नाही. उलट गुरांच्या चामखिळींचा अनुभव सांगतो की वाढत्या अवस्थेत कापलेली चामखीळ पुन्हा येते, कधी जोमाने. पूर्ण वाढलेली किंवा उतरणीला लागलेली कापली तर परत येत नाही, पण ती तशीही जाणारच होती. द्रव नायट्रोजनने गोठवणं स्वच्छ आणि परिणामकारक आहे. गावोगावच्या कृत्रिम रेतन केंद्रांत वीर्यकांड्या साठवायला हा नायट्रोजन असतोच, त्यामुळे हा उपाय वाटतो तितका दुर्मीळ नाही. मात्र गोठवलेल्या जागेची कातडी रंग सोडते आणि केस पांढरे येतात. नुकऱ्या घोड्याला त्याने फरक पडत नाही; काळ्या तोंडाच्या मारवाडी किंवा काठियावाडी शिंगराच्या ओठांवर ते ठिपके जन्मभर राहतात. भाव टिकवण्यासाठी केलेला उपाय मग भाव उतरवणारा ठरतो.

घरगुती जाळणाऱ्या उपायांबद्दल मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. चुना-पापडखार, बिब्ब्याचं तेल आणि रुईचा चीक ही तिन्ही चामखिळीबरोबर आजूबाजूची चांगली कातडीही जाळतात. शिंगराच्या ओठाची कातडी पातळ असते आणि ते सतत जिभेने चाटतं. चुरचुरायला लागलं की ते तोंड पायावर, गव्हाणीवर घासतं, आणि लावलेलं औषध डोळ्यापर्यंत जातं. रुईचा चीक बुबुळाला सूज आणून नजर धूसर करतो, हे माणसांच्या बाबतीतही नेत्रतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. पावसाळ्यात तर भाजलेल्या जागेवर माशा बसतात, अळ्या पडतात, आणि तीन महिन्यांत निमूट गेली असती अशी चामखीळ सहा महिने चिघळणारी जखम मागे ठेवते. हे कृपा करून कुणी करू नये.

आता ज्या गाठी चामखिळीसारख्या दिसतात पण चामखिळी नसतात, त्यांच्याकडे वळू. माझ्या लेखी हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. पहिलं नाव सार्कॉइड. घोड्यांच्या त्वचेत सर्वाधिक आढळणारी ही अर्बुदं. १९३६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत जॅक्सन यांनी त्यांचं वर्णन केलं आणि हे नाव दिलं. १९५१ मध्येच ओल्सन आणि कुक यांनी गाईच्या चामखिळीचा अर्क घोड्याच्या त्वचेत टोचला तेव्हा सार्कॉइडसारख्या गाठी उठल्या. पुढे जनुकीय तपासण्यांतून हे पक्कं झालं की सार्कॉइडशी गाईच्या पॅपिलोमा विषाणूचे पहिला आणि दुसरा हे प्रकार निगडित आहेत. हा विषाणू घोड्यात नेहमीसारखी विषाणूंची पैदास करत नाही; तो त्वचेखालच्या तंतुमय पेशींत शिरून त्यांना वाढवत राहतो. माशा त्याचा प्रसार करत असाव्यात, असा संशय आहे. गाई-बैल आणि घोडी एकाच गोठ्यात बांधण्याची आपल्याकडची रीत पाहता ही माहिती इथल्या मालकाच्या कामाची आहे.

सार्कॉइडचा एक प्रकार हुबेहूब चामखिळीसारखा खडबडीत असतो. पण त्याची चाल वेगळी. तो बहुधा तीन ते सहा वर्षांच्या घोड्याला होतो. जांघ, काख, मांडीची आतली बाजू, जुन्या जखमेचा वण, डोळ्याभोवतीचा भाग या त्याच्या जागा. तो सहसा आपण होऊन जात नाही. आणि अर्धवट कापला, डागला किंवा नुसता सुईने डिवचला तरी तो पिसाळल्यासारखा वाढू शकतो, इतका की महिन्याभरात सुपारीएवढी गाठ मुठीएवढा ओला, रक्ताळलेला मांसगोळा होते. त्यावर उपाय आहेत: लेझर शस्त्रक्रिया, गोठवणं, सिस्प्लॅटिनसारखी कर्करोगाची औषधं थेट गाठीत टोचणं, क्षयाची बीसीजी लस गाठीत देणं. पण यातला कोणता कुठे लागू पडेल हे जागेवर आणि प्रकारावर ठरतं, आणि पहिल्याच प्रयत्नात नीट झालं तर यशाची शक्यता जास्त. म्हणून चार वर्षांच्या घोड्याच्या जांघेतली 'चामखीळ' वस्तऱ्याने कापणं हा पागेतला सर्वांत महागडा अविचार आहे.

कानाच्या आतले पांढरे, पापुद्र्यासारखे चट्टे हा दुसरा प्रकार. मालक त्याला बुरशी समजून महिनोन्‌महिने मलम लावतात. तेही पॅपिलोमा विषाणूंचंच काम, फक्त वेगळ्या प्रकारांचं, आणि कानात शिरणाऱ्या बारीक चावऱ्या माशांशी त्याचा संबंध जोडला जातो. हे चट्टे आपोआप जात नाहीत, पण घोडा कानाला हात लावू देत असेल आणि लगाम चढवताना डोकं झटकत नसेल तर त्यांना सोडून दिलं तरी चालतं. इमिक्विमोड मलमाने ते जातात. उपचारादरम्यान कान इतका हुळहुळा होतो की बऱ्याच घोड्यांना गुंगी देऊन मलम लावावं लागतं.

क्वचित शिंगरू जन्मतःच चामखिळीसारखी गाठ घेऊन येतं. तो बहुधा संसर्ग नसून त्वचेच्या जडणघडणीतला दोष असतो, आणि तो आपोआप जात नसल्याने एकदा नीट कापून टाकणंच योग्य. वयस्क खच्ची घोड्याच्या लिंगावरच्या चामखिळी ही तर पूर्णपणे वेगळी बाब: तिथे दुसऱ्या प्रकारचा विषाणू असतो आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. माणसात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं पॅपिलोमा विषाणूशी असलेलं नातं उलगडल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. घोड्यातली ही गोष्ट त्याच जातीची आहे. शिवाय गाठी रांगेत उठून फुटत असतील, नाकातून घट्ट स्राव येत असेल, ताप असेल, तर ग्लँडर्सची शंका घ्यावी. तो माणसालाही होतो, जीवघेणा असतो, आणि कायद्याने कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे.

मग पशुवैद्यकाला कधी बोलवावं? चामखीळ पापणीच्या कडेला असून बुबुळावर घासत असेल. नाकपुडी आक्रसत असेल किंवा खाणं अवघड होत असेल. म्होरकीखाली वारंवार रक्त येत असेल आणि माशांमुळे चिघळण्याची भीती असेल. घोडा चार वर्षांपुढचा असेल. बाकी चामखिळी गळाल्या पण एकच राहिली आणि वाढते आहे असं दिसलं तर अजिबात थांबू नये. नऊ-दहा महिने उलटूनही काही हलत नसेल तर चामखिळीपेक्षा शिंगराकडे बघावं: जंत, अपुरी चंदी, दुसरा एखादा जुनाट आजार, कशाने तरी त्याची प्रतिकारशक्ती खाली आली असावी. शंका असेल तेव्हा काय करायचं, नमुना घ्यायचा की अख्खी गाठच काढून तपासायची, हे परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या जाणकारांनी ठरवू द्यावं.

उरलेल्यांसाठी काम साधं आहे, फक्त चिकाटीचं. घासणारी म्होरकी सैल करावी किंवा पट्ट्याला मऊ कापड गुंडाळावं. काटेरी चारा तोंडापुढून हलवावा. माशा आवराव्यात. दर पंधरवड्याला त्याच कोनातून, तोंडाजवळ एक नाणं धरून मोबाइलवर फोटो काढावा. आकार वाढतो की घटतो यावर मग वाद उरत नाही.

राहतो प्रश्न बाजाराचा, कारण सगळी घाई तिथूनच येते. भोवऱ्यांची चर्चा तासभर करणाऱ्या खरेदीदाराला हे समजावणं अवघड नाही की तोंडावरच्या चामखिळींचं दीड वर्षाचं शिंगरू पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बहुधा स्वच्छ दिसेल, आणि चुन्याने भाजलेलं कधीच दिसणार नाही. विक्रीच्या कागदावर पशुवैद्यकाच्या सहीने चामखिळी कुठे आहेत, किती आहेत आणि केव्हापासून दिसतात एवढं लिहिण्याची पद्धत पडली तर विकणाऱ्याला वस्तरा हाती घ्यावा लागणार नाही. घेणाऱ्यानेही भाव पाडण्याऐवजी जांघ आणि काख चाचपून पाहावी. दोन-तीन आठवड्यांच्या विलगीकरणात दबलेली लागण उघड होत नाही, म्हणून बाजारातून आणलेलं शिंगरू, तोंड स्वच्छ दिसत असलं तरी, घरच्या शिंगरांपासून किमान दोन महिने दूर बांधावं, आणि त्याचा तोबरा, बादली आणि खरारा तेवढे दिवस दुसऱ्या कुणालाही लावू नये.